टाकीवरचा दसऱ्याचा हार

अरे, गावाचे नळ कोरडे होते आणि मी पाण्याच्या टाकीवर आनंदानं नाचत होतो, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं!

जर्मनीहून शिकून परतलो तो धाड गावाजवळच्या आमच्या खेड्याचा पंप आपोआप चालवायचा, हे ठरवूनच. टाकीच्या तोंडावर सेन्सर बसवला. तो खाली आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती लवकर परत येतो, त्यावरून पाण्याची पातळी ओळखतो. टाकी रिकामी झाली की पंप सुरू, भरली की बंद.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नळांना पाणी नाही. पॅनेल मात्र सांगतंय, टाकी भरलेली! सरपंचताई रिकामा हंडा घेऊनच आल्या.

"आज पाणी नाही आलं तं तुझं यंत्र काढून टाकू. वामनकाका बटन दाबत होते, तेच बरं होतं."

पंप सांभाळणाऱ्या त्याच वामनकाकांना घेऊन मी वर चढलो. बघतो तर सेन्सरला झेंडूचा हा मोठा हार, आणि त्याचं टोक टाकीत लोंबतंय!

"काका, हे काय?"

"काल दसरा होता ना बे! साऱ्या अवजारांची पूजा केली, मंग याले काऊन सोडू?"

आवाज झेंडूवरूनच परत येत होता. सेन्सरला वाटलं, पाणी काठोकाठ आलं. म्हणजे माझं यंत्र बरोबर होतं! "यंत्र बरोबर आहे, या हारानं फसवलं!" असं खाली ऐकू जाईल इतकं ओरडत मी नाचतच हार काढला आणि खाली पंप आपोआप घुरघुरला.

"मंग या हाराचं काय करू?" काका हिरमुसले. शेवटी त्यांनी तो माझ्याच गळ्यात घातला.

खालून सरपंचताई ओरडल्या, "काका, त्याले आधी खाली उतरवा! नाही तं पंप पुन्हा बंद पडन!"