आधी सांगायचं, मग पाऊल टाकायचं

हॅलो?… हो आत्या, मीच, म्बापेवा… पोचले गं. स्वाकोपमुंडलाच आहे. आपल्या लोकांच्या कबरींच्या कडेला… नाही, आत नाही गेले अजून.

इथले थोरले, काहीमुनू मामा, आलेच नाहीत… दम लागला म्हणून सकाळीच दवाखान्यात नेलंय त्यांना… मग मला आत कोण नेणार? तासभर ताटकळतेय, दोनची परतीची बस आहे… हो, हो, लांब झगा घातलाय. आपला तो गाईच्या शिंगांच्या आकाराचा फेटाही बांधलाय, वारा राहू देईल तर.

…कसल्या गं कबरी? वाळूचे नुसते उंचवटे. नाव नाही, दगड नाही. पलीकडे जर्मनांच्या बघ, संगमरवर काय, नळाचं पाणी काय… शांत? कशी राहू शांत? आत्या, उंचवट्यांवर चाकांच्या खुणा आहेत. पर्यटकांच्या त्या चारचाकी फटफट्या… हो, वरूनच. आत्ता दोघं गेले, माझ्यादेखत. मी ओरडले, तर नालायकांनी हसून हात हलवला.

नाही, तू ऐक… अगं, ऐक ना आधी. जर्मन सैन्यापासून वाचवायला तुझ्या आजीला वाळवंटापार पळवलं आणि तिची आई इथे त्यांच्या छावणीत मेली. बैलाच्या जागी जुंपली होती तिला, उपाशीपोटी. आज तिच्या छातीवरून कोणीही हुंदडतो. आणि मी तिच्या रक्ताची, दोन दिवस बस बदलत आलेली, मी परवानगीसाठी खोळंबायचं?…

माहितीये मला. थोरल्यांनी आधी पितरांना सांगायचं कोण आलंय, मगच पाऊल टाकायचं. लहानपणापासून ऐकतेय. पण आज मोडला नियम तर आभाळ कोसळणार आहे का?…

काय म्हणालीस?…

…हो. जर्मनही आपल्या भूमीत न विचारताच घुसले होते.

बरं. नाही जात. पण मग इथे थोरलं कोण आहे?… तू? तू तिकडे वाळवंटापार माऊनला, गुडघे धरून बसलेली… फोनवरून? पितर ऐकतील?… बरं बाई, तूच थोरली.

थांब, गुडघे टेकते… नाही, कडेलाच. त्या फटफट्यांच्या वाटेतच बसलेय. येऊ देत आता, बघतेच… मोठ्याने बोल हं, समुद्र गाजतोय. मी रागावलेय, तेही सांग.

अगं, थांब… माझं नाव नंतर. आधी आजीच्या त्या आईला सांग, तुझी पोरगी पोचली म्हणून. वाळवंटापार जिवंत पोचली, नातवंडं-पतवंडं झाली. तिला कोणी सांगितलंच नसेल गं… हो. फोन वाळूवर ठेवतेय.

बोल.