ओट्यावरचा गंजाचा गोल

नाही, मी म्हणते, 'सगळं निघतं' असं सांगताना त्या दुकानदाराने एवढं तरी विचारायला नको, की बाई, लावणार कशावर? नाही विचारलं. तो आपला बाटली कागदात गुंडाळतोय आणि म्हणतोय, "ताई, निर्धास्त राहा, सगळं निघतं." ॲसिड हो, साधं, संडास-बाथरूमचं. आणि मी कसली निर्धास्त... पोरगी दोनदा शिंकली तर तिसऱ्या शिंकेची वाट बघत बसणारी बाई मी.

तुम्हाला सांगते, झालं होतं एवढंच. पाच वाजता घरमालकीणबाई घर बघायला येणार. घर नीट दिसलं तर पुढच्या वर्षाच्या करारावर सही, नाहीतर आमचं सामान रस्त्यावर. आलो तेव्हाच बजावलं होतं त्यांनी, "लहान मूल आहे ना? एक डाग दिसला तर दुसरं घर बघा हं." म्हणून मी चार वाजता ओटा पुसायला पाण्याचं पिंप उचललं, तर खाली... गंजाचा गोल. ताटाएवढा. पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर. साबण झाला, राख झाली, नखं झाली. तो हसतोय माझ्याकडे बघून.

मग ही बाटली. आधी भिंगरीला, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या पोरीला, बाहेरच्या खोलीत घातलं आणि दाराला कडी. ओतलं मात्र, सुस्स्... फेस. आणि गंज निघाला हो, खरंच निघाला, डोळ्यांदेखत. दुकानदाराला मनातल्या मनात शंभर वर्षं आयुष्य देऊन टाकलं मी. पण गंज संपला तरी फेस थांबेना. मग आता हे निघतंय काय? तर दगड. सगळं निघतं म्हणाला होता ना तो!

दाराखालून आवाज, "आई, काय करतेस?"

"काही नाही गं."

"काही नाही करताना असा आवाज येतो?"

वास कोंडावा म्हणून वर ॲल्युमिनियमचं झाकण घातलं. तेही खालून फसफसायला लागलं, चटका बसेल इतकं तापलं, फडक्याने उचललं तर काळंठिक्कर, कड उंदराने कुरतडल्यासारखी. वर बघते तो वाफेने नळाची चकाकी गेलेली. दगड जातो, झाकण जातं, नळ जातो... हे सगळं म्हणे आठवीत शिकवतात, कशावर ॲसिड पडलं की काय होतं ते. मी सातवीत शाळा सोडली. एक वर्ष, फक्त एक वर्ष थांबले असते तर?

आणि ऐका, मी कपड्यांचं ब्लीच हातात घेतलं होतं. म्हटलं, याच्यावर हे ओतू. झाकण अर्धं फिरवलं आणि कशी कोण जाणे, ॲसिडच्या बाटलीवर नजर गेली. मुंगीएवढी अक्षरं : ब्लीचमध्ये मिसळू नये, विषारी वायू होतो. दाराखालच्या फटीतून भिंगरीची चार बोटं आत आलेली दिसत होती. ब्लीच आधी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं, खिडकी सताड उघडली. त्याच मुंग्यांमध्ये पुढे लिहिलं होतं, सांडल्यास सोडा टाकावा. टाकला. दूध उतू जावं तसा फेस ओट्यावरून खाली... आणि मग गप्प. सगळं गप्प.

पुसून बघते, तर आधी तपकिरी गोल होता, आता खरखरीत पांढरा गोल. घड्याळात पावणेपाच. आणि मला सुचलं काय, तर एक डाग म्हणजे डाग, पण सगळीकडे डाग म्हणजे रंग! मगात पाणी, पाण्यात बेताने ॲसिड, आणि सगळा ओटा, या टोकापासून त्या टोकापर्यंत... वर पुन्हा सोडा, पुन्हा पाणी. त्या प्लास्टिकच्या मगाला काही झालं नाही, खिडकीच्या काचेला काही झालं नाही. आमच्या घरात टिकाऊ तेवढंच.

ठोक्याला मालकीणबाई आल्या, मागोमाग कामावरून आमचे हे. बाईंनी ओट्यावर हात फिरवला. एकदा, दोनदा. "इथे गोल होता."

"नाही... म्हणजे... पिंपाचा... चुकून..."

"चुकून काय? माझ्या सासूबाईंच्या पिंपाचा तो. अठरा वर्षं घासतेय मी. तुमच्या यांना सांगितलं होतं की, त्याच्या नादी लागू नका."

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणतात कसे, "अगं, तो झाकावा म्हणून तर मी पिंप तिथे ठेवलं होतं."

अकरा महिने! अकरा महिने हा माणूस त्या पिंपातलं पाणी पितोय आणि बोलत नाहीये.

मालकीणबाई म्हणाल्या, "चकाकी गेली ती गेली, मेला डाग तर गेला." केली हो सही, तिथल्या तिथे, त्याच ओट्यावर कागद ठेवून. माझ्या डोळ्यांत पाणी. आणि जाता जाता दारात वळून म्हणतात काय, "रविवारी ती बाटली घेऊन वर या. माझ्या ओट्यावर असे दोन आहेत."

त्यांचा ओटा काळ्या दगडाचा आहे.

तुमच्यात आठवी झालेलं कोणी आहे का हो?