बालातोनकाठी कोरडे पाय

...नाही, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? हसू नका हो बाई, सासू तुम्हालाही असेलच! जूनचं मरणाचं ऊन, आठवडाभर बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहून माझी ही पावलं पावासारखी टम्म फुगलेली, आणि समोर अख्खं बालातोन तळं! मला पोहायचं नव्हतं, होडीत बसायचं नव्हतं... मला फक्त पाय बुडवायचे होते हो!

झालं काय, रविवारी सकाळी बायको म्हणाली, "देझो, तिहान्यला जाऊ या का, तळ्याकाठी?" तळं म्हटल्यावर मी टुणकन उठलो, टॉवेल खांद्यावर टाकला, खाली गाडीपाशी येतो तर काय... पुढच्या सीटवर सासूबाई! टोपीबिपी घालून! म्हटलं, "आई, तुम्ही?" तर म्हणतात, "कपाटात कसर लागलीय बाळा, तुझ्या सासऱ्यांच्या लग्नातल्या कोटाला भोक पडलंय, कसर पळवायला लॅव्हेंडरची फुलं हवीतच." आता सासरे जाऊन जमाना झाला, तो कोट घालणार कोण? पण विचारायची सोय आहे का?

तिहान्यला पोचलो, तर तळं तिकडे खाली चमचम करतंय आणि आम्ही वर, लॅव्हेंडरच्या शेतात! तिथली पद्धत माहितीय ना तुम्हाला, कागदी पिशवी विकत घ्यायची आणि तिच्यात मावेल तेवढं आपल्या हातानं तोडायचं. मावेल तेवढं! हे आमच्या सासूबाईंना सांगायचं असतं का? बाकीच्या बायका आपल्या चार काड्या तोडतायत, फोटो काढतायत, लाजतायत... आणि आमच्याकडे? "दाब! अजून दाब! रोज कणीक तिंबतोस ना, तसा तिंब!" मधमाश्या कानात गाताहेत, कंबरेचा काटा ढिला झालाय... म्हटलं, "आई, भरली हो पिशवी." "भरली कुठे? हवा आहे अजून आत!" शेवटी टर्रकन फाटली. पिशव्या विकणारी टेबलामागची पोरगी म्हणते, "आजी, फाटलेली पिशवी नाही चालत हो." तर सासूबाई काय म्हणाव्यात? "फाटलीय कुठे? तोंड जरा मोठं झालंय तिचं!" पोरगी गप्प. मी तर लग्न झाल्यापासूनच गप्प... मला फक्त पाय बुडवायचे होते!

मग बायकोला लॅव्हेंडरचं आईस्क्रीम हवं, त्याची ही मारुतीच्या शेपटीएवढी रांग, आणि हातात आलं काय तर गोठवलेला अंगाचा साबण! तोही खाल्ला. मुकाट्यानं खाल्ला.

आणि एकदाचे उतरलो हो काठावर! बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाणी अस्सं हातभर लांब... आणि शिट्टी! काठावरचा वादळाचा इशारा देणारा दिवा भराभरा लुकलुकतोय. खुर्चीवरचा पहारेकरी ओरडला, "काका, मागे व्हा, पाण्यात उतरायला बंदी आहे!"

"अरे, वर बघ की! ढगाचं पिल्लू तरी आहे का?"

"येईल."

"कधी?"

"ते ढगाला विचारा."

"अरे बाबा, मी पोहत नाही, नुसते पाय..."

"पाय तुमचेच ना? मग तुम्हीही मागे."

तेवढ्यात सासूबाई डिकीतली बादली घेऊन माझ्या शेजारून गेल्या, पाण्यात बुचकळली, भरली आणि निघाल्या! "अरे, यांना चालतं?" तर तो म्हणतो, "आजी कुठे उतरल्या? बादली उतरली." सासूबाईंचं म्हणणं, घरी पोचेपर्यंत फुलं कोमेजतील. बायको म्हणाली, "अगं आई, पण ती वाळवायचीच आहेत ना?" "वाळवायची आहेत, मारायची नाहीत!" म्हणजे बघा, लॅव्हेंडरचे पाय बालातोनमध्ये आणि माझे बुटात!

परतीला गाड्यांची रीघ. बायको चालवतेय, पुढे सासूबाई, मागे मी, माझ्या पायांमध्ये बादली. गाडी जागची हलेना. सासूबाईंनी डबा काढला, तळलेले मांसाचे काप, काकडीचं लोणचं... "खा बाळा, दमलास आज." खरं सांगतो, गहिवरून आलं मला. कसं का असेना, माणूस म्हणून सोन्यासारखी आहे! पोटभर जेवलो. आणि मग नजर गेली बादलीकडे. हळूच फुलं सीटवर ठेवली. मोजे काढले. एक पाय... दुसरा पाय, मावेना, कोंबला... आहाहाहा! डोळ्यांत पाणी आलं हो! जन्माचं सार्थक झालं...

"देझो!!"

आरशातून बघत होत्या! मला वाटलं, आता फुलांवरून तासणार. छे! "अरे, आत्ता जेवलास ना? भरल्या पोटी पाण्यात? पेटके येतील, बुडशील!"

"आई... बादलीत?"

"पाणी ते पाणी! अर्धा तास थांब."

मी आशेनं बायकोकडे बघितलं. ती म्हणते, "काढ रे, बरोबर बोलतेय आई."

काढले! काय करणार? पुसले, मोजे चढवले आणि अर्धा तास घड्याळाकडे बघत बसलो. आणि मेली ती गाड्यांची रीघ, इतका वेळ जागची हलत नव्हती, ती नेमकी तेव्हाच मोकळी झाली! अर्धा तास भरला तेव्हा आम्ही घराच्या पायरीवर, आणि सासूबाई ती बादली दारातल्या कुंड्यांत रिकामी करतायत... "बालातोनचं पाणी आहे बाळा, वाया कशाला घालवायचं?"