चहाच्या आधीचा विषय

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या अभ्यासक्रम मंडळाच्या संचालिका, व्यासपीठावर विराजमान असलेले राष्ट्रीय शिक्षण धोरण समितीचे प्रमुख, समितीचे मान्यवर सदस्य, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले बाईंचे यजमान आणि लेक, माझे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या बाई,

मी गणित विभागाचा माणूस. भावनेच्या भरात बोलायची मला सवय नाही, त्यामुळे रुमाल काढून तयार बसलेल्यांची निराशा होईल. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, कारण सत्कारमूर्तीच जागेवर नव्हत्या. त्या कुठे होत्या, ते ओघात येईलच.

आपल्याकडे बाईंना सगळे 'परिशिष्टबाई' म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. पण त्यांना ते ठाऊक आहे. त्यांचा विषय शाश्वततेचा. आपण वापरावं, पण मागून येणाऱ्यालाही पुरावं, एवढं साधं. हे शिक्षणाच्या धोरणात अग्रभागी असावं, असं त्या नोकरीला लागल्यापासून सांगत आल्या. त्यांना कुणी विरोध केला का? कधीच नाही, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. विरोध झाला असता तर चर्चा झाली असती. सगळ्यांना मान्य असलेला विषय आपण बैठकीच्या शेवटी ठेवतो. तोवर चहा येतो. बिस्किट बुडवता बुडवता 'मान्य, मान्य' होतं आणि विषय परिशिष्टात जातो. पाठ्यपुस्तकात तो शेवटचा धडा होतो. शेवटच्या धड्यापर्यंत परीक्षा येऊन ठेपते आणि शिक्षक म्हणतात, हा घरी वाचून घ्या. तुमच्यापैकी कोणी वाचला होता? हात वर करायची गरज नाही.

नव्या धोरणाचा मसुदा सुरू झाला तेव्हा बाईंनी वेगळाच डाव टाकला. भर बैठकीत त्या उठल्या आणि म्हणाल्या, माझा विषय परिशिष्टातूनही काढून टाका. त्यांचा हिशेब असा की आता तरी कोणी दचकेल, 'असं कसं, बाई?' म्हणेल आणि चर्चेला तोंड फुटेल. पण आपली समिती सभ्य. सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. प्रमुख म्हणाले, "बाईंचीच सूचना आहे, तर आपली हरकत कसली?" सर, रागावू नका, तुम्ही हे अगदी आदराने म्हणाला होतात.

त्या थेट माझ्या खोलीत आल्या आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "एवढ्या नोकरीत माझा पहिलाच ठराव एकमताने पास झाला," म्हणाल्या. मग हसू थांबलं आणि पाणी तेवढं राहिलं. मी चहा मागवला.

माझ्या टेबलावर तेव्हा नव्या पुस्तकाची छपाईपूर्व पानं पडली होती. त्यात आपलं ते पिढीजात गणित होतं: नळाने टाकी भरते, तळाच्या भोकातून गळते, तर भरायला वेळ किती? बाईंनी डोळे पुसले, गणित वाचलं आणि विचारलं, "भोक आहे हे सगळ्यांना माहीत आहे, मग ते कोणी बुजवत का नाही?"

मी म्हटलं, बुजवलं तर गणितच उरत नाही.

"उरतं की. बुजवल्यावर पाणी किती वाचलं आणि ते किती जणांना पुरलं, हे विचारा."

मी तो उपप्रश्न घातला. माझी वहिनी शाळेत गणित शिकवते, तिच्या वर्गात आधी देऊन पाहिला. मुलांनी उत्तर काढलं आणि मधल्या सुट्टीत शाळेची खरी टाकी पाहायला गेली. ती गळत होती. मुलं मुख्याध्यापकांच्या मागे अशी लागली, की त्यांनी कंटाळून दुरुस्ती करून घेतली. शेवटच्या धड्याने असं कधी झालं होतं?

त्यानंतर बाईंनी वेगळा धडा मागणं सोडलं. आता त्यांचं मागणं एका वाक्याचं आहे: प्रत्येक विषयाने आपल्या नेहमीच्या उदाहरणांतूनच ही जाणीव द्यावी. हे वाक्य धोरणाच्या पहिल्या प्रकरणात घ्यायचं की नाही, ते सोमवारच्या बैठकीत ठरेल. मसुद्यावरची ती शेवटची बैठक. आणि बाईंचा कामाचा शेवटचा दिवस आज. प्रमुखांना माझी एकच विनंती आहे, हा विषय चहाच्या आधी घ्या. हवं तर कडाडून विरोध करा, पण आधी घ्या.

आता त्या मघाशी कुठे होत्या ते सांगतो. सभागृहामागच्या बेसिनचा नळ गळतो आहे. टाळ्या थांबल्या की इथवर आवाज येतो, आपण सगळेच मघापासून ऐकतो आहोत. सत्काराची साडी नेसलेल्या बाई नळाशी झटापट करत होत्या. तो बंद होईना, तेव्हा खाली बादली लावून आल्या. भाषण सुरू झाल्यापासून त्यांचं लक्ष माझ्याकडे नाही, तिकडे आहे.

बाई, मला तुमची फार उणीव भासेल. हे मी गणिताचा माणूस म्हणून सांगत नाही.

संचालिकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. मी इथेच थांबतो, कारण बादली भरत आली असेल. बाई, तुम्ही उठू नका. मी बघतो.