कमानीच्या पलीकडे

वैदेही: एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस! रोमोलोंनी सांगितल्या होत्या तेवढ्याच पायऱ्या.

विवेक: थांब गं, धाप लागली. आपल्या पोर्टलीशला चढ म्हणून नाही कुठे. तर हे तुझे इटालियन पेशंट या असल्या गावातून आयर्लंडला आले आणि तळलेल्या मासे-चिप्सचं दुकान टाकलं?

वैदेही: साठ वर्षं चालवलं. तरी इथली गल्लीन् गल्ली पाठ. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये साथीमुळे वॉर्डात घरच्यांना सोडत नव्हते ना, तेव्हा ड्यूटी संपताना मला म्हणायचे, "सिस्टर, चल, गावात चक्कर मारून येऊ." आणि पडल्या पडल्या, धापा टाकत वाट सांगत राहायचे. त्या भिंतीला हात लाव.

विवेक: गार आहे. अबब, केवढे धोंडे! चुना नाही, काही नाही, नुसते एकात एक बसवलेत. मधून सुई जायची नाही.

वैदेही: अडीच हजार वर्षांची भिंत म्हणायचे. मला वाटायचं, तापात बोलतायत.

विवेक: आणि ही कमान?

वैदेही: इथपर्यंतच आलो होतो आम्ही.

विवेक: म्हणजे?

वैदेही: कमानीपाशी दमले. म्हणाले, पलीकडचं उद्या. मीही उठले, बारा तास झाले होते. पहाटे गेले ते. मी अजून दहा मिनिटं बसायला हवं होतं, विवेक.

विवेक: दीड वर्षात कधी बोलली नाहीस.

वैदेही: तू विचारायचास, मी तिकडच्यासारखं 'ग्रँड', सगळं मस्त, म्हणायचे. संपलं.

विवेक: चल पलीकडे. हात दे.

वैदेही: …अगं बाई!

विवेक: ढग खाली आहेत. वैदेही, ढग आपल्या खाली आहेत!

वैदेही: आणि ते बघ, प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर एकेक गाव. उन्हात कसं सोनेरी दिसतंय.

विवेक: हे बघत वाढलेला माणूस साठ वर्षं बटाटे तळत राहिला?

वैदेही: बोलू नकोस. बघू दे जरा.

(चौकात दारासमोर खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी इंग्रजीत हाक मारते.)

म्हातारी: आयर्लंडहून आलात ना? टोपीवर लिहिलंय त्याच्या.

विवेक: हो! तुमचं इंग्रजी तर अगदी तिकडचं आहे.

म्हातारी: असणारच. तीस वर्षं कॉर्कमध्ये मासे तळले मी. निम्मं गाव तिकडेच असतं. उभे का? बसा या पायरीवर. इथे कुणाकडे आलात?

वैदेही: रोमोलोंकडे.