चादर काळी, कागद पांढरा

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयाचे प्रमुख राजकुमार साहेब, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले खैरटोकचे सरपंच पंजाबराव पाटील, एकतीस वर्षं माझी बडबड सहन केलेले सहकारी, खैरटोकहून दोन बस बदलून नांदुऱ्याला पोचलेली मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसून मघापासून माझ्याकडे डोळे वटारणारी माझी बायको गुलनार, आपणा सर्वांना या निजामचा आदाब आणि नमस्कार.

ती डोळे का वटारते, ते कळेल तुम्हाला. जरा दम धरा.

माझ्या निवृत्तीच्या या समारंभात आत्तापर्यंत सात जण बोलले. सातही जणांनी माझी इतकी तारीफ केली, की मला दोनदा मागे वळून पाहावंसं वाटलं, दुसरा कोणी निजाम उभा आहे की काय! पंजाबराव म्हणाले, निजामभाऊचं मोजमाप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि आमच्या सिंधूताई, ज्यांनी आयुष्यात कधी माईक हातात धरला नव्हता, त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या भावानं आमच्या गच्चीवर मशीन लावून हवा तपासून देल्ली, म्हणून आमच्या जिवाचा घोर गेला."

टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, विनय आहे. विनय नव्हता हो. लाज होती.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक पांढरा कागद असतो. त्याचं वजन करायचं, मशीनमध्ये लावायचा, मशीन उंच जागी ठेवायचं आणि चोवीस तास हवा ओढू द्यायची. मग पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन वाढलं, तेवढी घाण हवेत. एवढंच. यात हुशारी लागत नाही, इमान लागतं. मशीनजवळ पूर्ण वेळ आपला माणूस बसलेला पाहिजे, हा नियम. कोणी वर ओलं कापड वाळू घालू नये, कोणी शेजारी कचरा पेटवू नये, म्हणून.

खैरटोक हे जळगाव जामोद तालुक्यातलं शेवटचं गाव. त्याच्या डोक्यावर सातपुडा, आणि टेकडीपलीकडे मध्य प्रदेश. पलीकडे कोणीतरी जुने टायर जाळून त्यातून तेल काढायच्या भट्ट्या घातल्या. दिवाळीनंतर वारा डोंगरावरून खाली उतरतो, तो सगळा धूर घेऊन खैरटोकात येतो. ऐन वेचणीत फुटलेला कापूस राखाडी. दोरीवरचे कपडे राखाडी. लेकरांच्या नाकातून काळं.

पंजाबरावांनी सहा वर्षं अर्ज केले. आमच्या कार्यालयानं उत्तर द्यायचं, भट्ट्या परराज्यात आहेत, सदर बाब आमच्या अधिकारक्षेत्राबाहेरची. तिकडच्या कार्यालयानं उत्तर द्यायचं, आमच्या एकाही गावाची तक्रार नाही. खरंच होतं ते! त्यांच्या गावांकडे त्या दिवसांत वारा जातच नाही, तक्रार कोण करणार? पंजाबराव एकदा आमच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, आठवते का पाटील? "काऊन हो, त्या धुराले काय सातबारा असते? हद्दीवर येऊन थांबते काय तो?" मी चहा मागवला.

सहा वर्षांनी का होईना, दोन्ही राज्यांचे अधिकारी एका टेबलावर बसायला कबूल झाले. ठरलं असं, की आधी महाराष्ट्रानं खैरटोकात मोजणी करावी. आकडा मर्यादेच्या वर आला, तर दोघं मिळून भट्ट्या तपासू आणि गरज पडली तर बंद करू. मंडळी, सहा वर्षांची खटपट एका कागदावर येऊन ठेपली होती. आणि तो कागद लावायला कोणाला पाठवलं? दगडावरच्या रेघेला.

चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. गावाच्या उत्तर टोकाला सिंधूताईंचं घर, स्लॅबचं. मी गच्चीवर मशीन चढवलं, कागद लावला, बटन दाबलं. सकाळचे नऊ वाजले होते. आणि दुपारी दोनला मी मशीन सोडून नांदुऱ्याला निघून आलो.

का? माझ्या पुतण्याचा वलिमा होता, निकाहानंतरची दावत. सगळं खानदान जमलं होतं, सगळे म्हणत होते, सरकारी चाचा येतो की नाही. मीही म्हटलं, मशीनला काय पाय फुटणार आहेत? सिंधूताईंना सांगितलं, "ताई, जरा मशीनवर लक्ष ठेवा." बस. एवढंच बोललो. कशासाठी लक्ष ठेवायचं, हे सांगितलं नाही. इथे मी बिर्याणी खात होतो आणि तिथे नोंदवहीत आधीच लिहून ठेवलं होतं, 'कर्मचारी पूर्ण वेळ उपस्थित'.

दुसऱ्या दिवशी नऊला गच्चीवर चढलो आणि पाहतो तर काय! मशीनवर चादर. चांगली नवी, पांढरी, पाहुण्यांसाठीची. चारही बाजूंनी सुतळीनं आवळून बांधलेली.

सिंधूताई मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "भाऊ, एवढं महागाचं मशीन, अन् वरून काजळी पडून राह्यली. खराब झालं असतं त तुमची नोकरी गेली असती ना! म्हणून तुमी गेल्याबरोबर ठेवणीतली चादर काढून बांधली."

हसू नका. म्हणजे हसा हवं तर, मीही दुसऱ्याच्या बाबतीत हसलो असतो. पण त्यांच्याकडे बोट दाखवून हसू नका. घरी आलेल्या माणसाची वस्तू झाकून ठेवावी, नीट जपावी, ही आपल्याकडची रीत. त्यांनी माझी नोकरी वाचवायला ठेवणीतली चादर काढली. चूक त्यांची नव्हती. मशीन घाण खाण्यासाठीच आणलंय, हे सांगायला जो माणूस तिथे बसायला हवा होता, तो वलिम्यात होता.

मी सुतळी सोडली. चादर वरून काळी झाली होती, बोट फिरवलं तर बोटाला काजळ लागावं अशी. आणि आतला कागद पांढराशुभ्र.

तेव्हा काय करायला पाहिजे होतं? ती चादर घडी घालून पिशवीत टाकायची, साहेबांच्या टेबलावर ठेवायची, आणि म्हणायचं, साहेब, मी जागेवर नव्हतो, मोजणी रद्द करा, मला पुन्हा पाठवा. त्यापेक्षा मोठा पुरावा कोणता होता? पण मग नोंदवहीतलं खोटं उघडं पडलं असतं. ताई म्हणाल्या, "अरे देवा, चादर पार खराब झाली. टाका, साबणानं निघते." आणि मी, मंडळी, या हातानं ती चादर त्यांच्या बादलीत टाकली.

कागदाचं वजन केलं. आकडा मर्यादेच्या आत. मी सही केली.

बैठक झाली तेव्हा मी मागे फायली धरून उभा होतो. तिकडच्या अधिकाऱ्यानं आमचा अहवाल वाचला, चष्मा काढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आप ही की मशीन कह रही है कि हवा साफ है। फिर शिकायत किस बात की?" आमच्या बाजूच्या साहेबांनी अहवाल उलटून खालची माझी सही पाहिली. राजकुमार साहेब, तुम्ही तेव्हा इथे नव्हता, तुमच्याकडे बोट नाही. जे होते त्यांच्याकडेही नाही. त्यांनी माझ्या सहीवर भरवसा ठेवला. फाईल बंद झाली. भट्ट्या तेव्हा चार होत्या, आज नऊ आहेत.

इथवर सांगून थांबलो असतो तरी लाज पुरेशी होती. पण पुढचं ऐका.

सिंधूताईंची सून महामाया. ती तिकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे, निळा स्कार्फ. तिला त्याच हिवाळ्यात दम लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, धुराचा त्रास आहे, धुरापासून लांब ठेवा. ताईंनी मला फोन केला. भल्या मनानं विचारलं, "भाऊ, तुमचं मशीन काय म्हनलं?"

मी म्हटलं, "ताई, हवा साफ हाय."

काजळी डोळ्यांना दिसत होती, पण सरकारी मशीनपुढे डोळ्यांचं कोण ऐकतं? बाहेरची हवा साफ, मग धूर कुठला? अडाणी माणूसही हिशेब जमवतो. ताईंनी ठरवलं, दोष आपल्या स्वयंपाकघरातल्या चुलीचा. त्यांनी चूल उचलली आणि मागच्या अंगणात मांडली, उत्तरेच्या बाजूला, मोकळ्यावर. सुनेला बजावलं, घरात धूर करायचा नाही, भाकरी बाहेरच टाकायची. चार हिवाळे ही पोर त्या भट्ट्यांच्या धुरात तोंड करून भाकऱ्या थापते आहे. बरं वाटावं म्हणून.

मला हे कधी कळलं? मागच्या वर्षी. दुसऱ्या कामाला खैरटोकात गेलो होतो, ताईंनी चहाला बोलावलं. मागच्या अंगणात महामाया बसलेली, नाकाला ओढणी बांधून. परातीतल्या पिठावर काळे कण पडत होते, ती बोटानं टिपून बाजूला टाकत होती. मी विचारलं, "बाहेर काऊन बसली व पोरी?" तर म्हणते, "सासूबाई म्हणतात, घरात धूर होते. अन् मशीननं त सांगतलंच ना काका, बाहेरची हवा साफ हाय."

मी तेव्हाही बोललो नाही. चहा प्यालो. बशी खाली ठेवली, "अच्छा, येतो" म्हटलं आणि गाडीत बसलो. चार वर्षांपूर्वी घाबरून गप्प बसलो, असं एक वेळ म्हणता येईल. मागच्या वर्षी कशानं गप्प बसलो? त्याला नाव सापडलं नाही मला. भेकडपणा म्हणा, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात या समारंभाची पत्रिका छापून आली, त्यात माझ्या नावापुढे 'कर्तव्यदक्ष' असा शब्द होता. तो वाचून मी ताट बाजूला सारलं. मग गुलनारला सगळं सांगितलं. म्हटलं, पाच वक्त नमाज पढतो, रोज तौबा करतो. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "अल्ला अपना हक माफ कर देगा जी. पर बंदे का हक बंदाच माफ करता. जाके उनके सामने बोलो." म्हणून ती मघापासून डोळे वटारून बसली आहे. तिला भीती होती, मी हार घालून घेईन आणि 'ऋणी आहे' म्हणून खाली बसेन. गुलनार, घे, बोललो.

राजकुमार साहेब, दुपारपासून तुमच्या टेबलावर एक बंद पाकीट आहे. तुम्हाला ते आभाराचं पत्र वाटलं असेल. ते माझं लेखी निवेदन आहे. आज मी नोकरीत असतानाच आवक शाखेत दिलं आणि शिक्का मारून घेतला, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारा घरी बसल्यावर काहीबाही बरळतो. खैरटोकची ती मोजणी खोटी आहे, असं त्यात सहीनिशी लिहिलं आहे. माझी चौकशी होईल, ती व्हायलाच पाहिजे. माझी विनंती एकच. येत्या जानेवारीत, वारा खाली उतरला की, दोन्ही राज्यांची माणसं मशीनजवळ बसवा आणि नव्यानं मोजा. मला बसवू नका. मी त्या कामाच्या लायकीचा राहिलेलो नाही.

काय म्हणता, ताई? नाही, बसू नका, बोला. जरा जोरात, सभागृहाला ऐकू द्या.

त्या विचारून राह्यल्या, "मंग भाऊ, आमच्या चुलीचं नव्हतं?"

नव्हतं, ताई. तुमच्या चुलीचं नव्हतं, तुमच्या चादरीचंही नव्हतं. माझं होतं. माझ्याकडे नका पाहू, तिच्याकडे पाहा. चार वर्षं जिला बाहेर बसवलं, तिच्याकडे.

सभागृहानं वेळ दिला, कार्यालयानं एकतीस वर्षं सांभाळून घेतलं, खैरटोकची मंडळी स्वतःची कामं सोडून एवढ्या लांब आली, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तेवढं मोठ्या मनानं पोटात घाला.

महामाया, तू मात्र काही पोटात घालू नको, पोरी. जानेवारीत ते लोक येतील, तेव्हा त्यांच्या समोर मोठ्यानं सांग, निजाम खोटं बोलला होता. मी तिथे खाली मान घालून उभा राहीन.