बांधून ठेवलेल्या बांगड्या

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आज आधी प्रश्न, मग कथा.

खोटं बोलणं पाप — हे तुम्हीही पोरांना सांगता, मीही इथं उभी राहून सांगते. पण मायेपोटी बोललेलं खोटं? समोरच्याला दुखू नये म्हणून बोललेलं? ते पापाच्या पारड्यात टाकायचं की पुण्याच्या? — बघा, बायका लगेच म्हणाल्या, "पुण्याच्या!" घरोघरी सराव दिसतोय!

घाई नको. ऐका.

नागझरी नावाचं बाजाराचं गाव. तिथं मथुराबाई कासारीण. गावातल्या बाईचा हात म्हणजे तिच्या हातातून गेलेलाच. स्वतः विधवा, मनगटं मोकळी; पण नवरीचा चुडा भरावा तर तिनंच. समोरची बसली की एकच बोलायची — "हात सैल सोड गं. आवळलास तर काच फुटते, नि रक्त तुझंच निघतं." हात दाबता दाबता तिला सगळं कळायचं. घरी रडून आलेलीचा हात लाकडासारखा! विचारायची नाही हं. नुसती एक बांगडी जास्त भरायची.

तर या मथुराबाईचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झालं, दृष्ट काढून झाली. अंगावरचं लुगडं सैल झालं तेव्हा कुठं तालुक्याला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सीटी स्कॅन करू."

शेजारीण धावली! "अगं, त्यात किरणं असतात! त्यानंच रोग होतो!" — आहे की नाही प्रत्येक आळीत अशी एक बिनफीची डॉक्टर?

मथुराबाईनं सरळ विचारलं, "बाई, खरं का हे?"

"किरणं असतात, मावशी. साध्या एक्स-रेपेक्षा पुष्कळ जास्त. म्हणून हौसेनं सारखा काढायचा नसतो, पोटुशीनं तर आधी सांगायलाच हवं. पण तुमच्या वयाला, या दुखण्याला, त्या किरणांचा धोका थोडा नि न बघण्याचा मोठा."

"खरं सांगितलंत. चला, काढू."

स्कॅनच्या दिवशी उपाशीपोटी नेलं. फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून सोडायचं औषध मूत्रपिंडाला सोसेल का, म्हणून रक्त आधीच तपासलेलं. तिथली पोरगी म्हणाली, "मावशी, अंगावर धातूचं काही? बांगड्या?"

मथुराबाईनं मोकळी मनगटं वर केली. "सगळ्या गावाला भरल्या, पोरी. मला तेवढ्या पुरल्या नाहीत."

पोरगी सुई घेऊन बसली. "हात सैल सोडा हं, मावशी."

हसलीच मथुराबाई! जन्मभर जे दुसऱ्यांना सांगितलं, ते आज तिच्याच वाट्याला!

"आता औषध जाईल. अंगभर गरम वाटेल, तोंडात तांब्याची चव येईल, लुगडं ओलं झालंसं वाटेल — होत नाही. खाज सुटली, दम लागला, तर हाक मारा. मी काचेपलीकडेच आहे, मला ऐकू येतं."

आणि ते यंत्र! मंडळी, ही एवढी मोठी गोल बांगडी! हात डोक्यावर घेऊन मथुराबाई आत सरकली. मनात म्हणते, आज मलाच कुणीतरी भरतंय. "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." गरम लाट आली, तांब्याची चव आली — सांगितलं होतं तस्सं! उठताना म्हणाली, "तू आधी सांगितलंस ना, पोरी, म्हणून सोसलं."

हे वाक्य पदराला बांधून ठेवा, मंडळी.

यंत्रानं त्याचं काम केलं. सुरी न लावता पोटाचे पातळ पातळ काप दाखवले. स्वादुपिंडात गाठ, यकृतावर डाग. आता औषध नुसतं दुखणं कमी करायला.

मुलगा सदा आईला बाहेर बाकावर बसवून एकटाच आत डॉक्टरीणबाईंकडं गेला. हात जोडले. "आईला सांगू नका. खचेल ती."

"ऐकायचंय का, हे त्यांना विचारा तरी."

"नको, मॅडम. माझी आई आहे." — जशी काही सातबाऱ्यावर चढवलेली जमीन!

बाहेर आला, हसत. "आतड्याला सूज आहे, आई. गोळ्यांनी उतरेल."

घर बदललं. मिठावरून वाजणारी सून शैला पाहुण्यांच्या कपात चहा द्यायला लागली! आणि एक दिवस समोर येऊन बसली. "आई, मला बांगड्या भरा." लग्नापासून बाजारातल्या लाखेच्या घालणारी बाई!

मथुराबाईनं हात हातात घेतला. "सैल सोड गं."

सुटेना. लाकूड! शैला भिंतीकडं बघतेय.

कळलं. सगळ्या बांगड्या भरल्या. वर एक जास्त भरली.

आता तिच्या जिवात एकच उरलं — लेक. रोहिणी, बडोद्याला दिलेली. तिला एकदा डोळे भरून बघायचं. पण बोलवा म्हणावं, तर सदाला कळणार की आईला कळलंय. पोरगा रोज तोंडावर पाणी मारून हसत समोर येतो, ते हसू मोडायचं कसं? गप्प बसली.

आणि सदा? स्वयंपाकघरात शैलाला म्हणतो, "रोहिणीला कळवलं तर उद्या रडत दारात उभी राहील. आईला लगेच कळेल. थांबू जरा."

फोन आला की रोहिणी म्हणायची, "पोरांच्या परीक्षा झाल्या की येते, आई."

"ये. सावकाश ये." — फोन ठेवला की भिंतीकडं तोंड.

परीक्षा संपायच्या आधी मथुराबाई संपली. रोहिणी आली, आईचा हात हातात घेतला. सैल होता, मंडळी. अगदी सैल.

तेरावं झालं. शैलानं सासूची पेटी उघडली. आत कागदात दोऱ्यानं बांधलेल्या हिरव्या बांगड्या. शैलाच्या हातात चढेनात, इतकं लहान माप. त्या घरात तसा हात एकीचाच. रोहिणी बघतच राहिली.

"आईनं मला कधी बांधून बांगड्या दिल्या नाहीत. समोर बसवून भरायची. बांधून ठेवल्या म्हणजे —"

सदानं तो सुटलेला दोरा उचलला. "म्हणजे तिला माहीत होतं."

"तुला माहीत होतं, दादा. वहिनीला होतं. तिलाही होतं. मग माझ्याच आईचं मरण न कळलेली मी एकटीच का रे?"

आहे उत्तर?

आता सांगा, मंडळी. पापाच्या पारड्यात की पुण्याच्या? — आता का गप्प?

परक्या पोरीनं सुईआधी सांगितलं, गरम वाटेल. पोटच्या पोरानं मरणाआधी सांगितलं नाही. आणि आपण नावं ठेवतो यंत्राला!

तुमच्यातही कुणी रिपोर्ट कपड्यांच्या घडीखाली सरकवून इथं आलं असेल. कुणी सगळं ओळखून, काहीच ठाऊक नसल्यासारखं मान डोलवत बसलं असेल. तुम्हाला वाटतं, तुम्ही त्यांना जपताय. अहो, तुम्ही त्यांना एकटं मारताय!

आज गजर नको. टाळ मांडीवरच राहू द्या. ज्याच्यासोबत आलात, त्याचा हात हातात घ्या.

लाकूड लागतंय ना? विचारा मग. मथुराबाईसारखी नुसती एक बांगडी जास्त भरू नका.